अक्षदा आजीवर गेली त्याबद्दल

महाड
शनिवार, २३ मार्च २००२

आज सकाळची शाळा होती. अक्षदाला सोडून येताना मेथी आणि मीठ घेतलं. घरी आलो तर पोस्टमन पायरीवर बसून वाट बघत होता. त्याने तार दिली, सही घेतली, आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. मी तार वाचली, त्याला पाणी दिलं आणि म्हटलं टोपी घाल, कुणी गेलेलं नाही. त्याचा विश्वास बसला नाही. अक्षदा शाळेतून आली तेव्हा तो समोरच्या दुकानाशी सायकल धरून उभाच होता. तिला बघून मग गेला.

तीर्थस्वरूप महिपतदादा आणि वहिनी यांना कुशाबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? जबलपूरला उन्हाळा लवकर सुरू होतो असं रंगू सांगायची, तेव्हा वहिनींनी उन्हात गच्चीवर पापड घालायला जाऊ नये. इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, म्हणून तुम्ही त्यावरून नजर फिरवून पुढे जाल. कृपा करून तसं करू नये, परत वाचावं.) इकडे सर्व क्षेम आहे. अक्षदा क्षेम आहे. तिने आत्ताच मेथीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि शेजारी लंगडी खेळायला गेली. खिडकीतून तिचा आवाज मला येतो आहे, ती कुणालातरी तू बाद झालीस म्हणून ओरडते आहे. तेव्हा तेराव्याला येतो असं जे तुम्ही तारेत कळवलंत त्याची गरज नाही. तेरावं नाही. तिकीट काढलं असेल तर रद्द करावं. एवढ्या लांबच्या प्रवासाचा त्रास गुडघ्याला उगाच नको.

आता हे सगळं कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण गावाकडून, कापड्याहून कोंडाजीचं पत्र तुम्हांला गेलं तर त्यात सगळा दोष माझा असेल. (कोंडाजी म्हणजे माझा चुलतभाऊ, राजेशच्या लग्नात ज्याने वाजंत्र्यांशी भांडण केलं तो.) दोष कुणाचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला तर तो इंग्रजी भाषेचा वाटतो, थोडा मराठीचाही असेल.

अक्षदा माझ्याकडे असते हे तुम्हांला ठाऊक नसेल. श्रावणात तुम्ही बहिणीच्या, रंगूच्या दहाव्याला येऊन गेलात, त्यानंतर आपलं एकमेकांना पत्र नाही. दिवाळीच्या सुमारास कळव्याला राजेशला मुलगा झाला, त्याचं नाव आयुष. सून बाळंतपणात, मी इथे एकटा, तेव्हा राजेशने ठरवलं की सातवीचं उरलेलं वर्ष पोरीने आजोबांकडे काढावं. कुणी कुणाला सांभाळायचं ते त्याने स्पष्ट केलं नाही. मे महिन्यात ती परत जायची आहे, आठवी तिकडेच. आजीजवळ ती कधी सलग राहिलेली नव्हती. सुट्टीत चार दिवस यायची, ते कापड्याच्या अंगणात आणि आंब्याखाली जायचे. शेवटच्या वर्षी रंगू आजारी होती तेव्हा तर आलीच नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे.

मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं, आजोबा, टेक आफ्टर म्हणजे काय? त्यांच्या इंग्रजीच्या बाई नवीन आहेत, पुण्याच्या. पुस्तकात नाही तेही शिकवतात. त्यांनी दोन-दोन शब्दांच्या जोड्या दिल्या होत्या आणि प्रत्येकीचं वाक्य करून आणायला सांगितलं होतं. मी जुन्या अकरावीपर्यंत इंग्रजी शिकलो आणि मोजणी खात्यात असताना लोकांना इंग्रजी नोटिसा वाचून दाखवल्या, त्यामुळे आमच्या गल्लीत माझ्या इंग्रजीला मान आहे. (तो मान आजवर कुणी तपासून पाहिलेला नाही.) मी तिला सांगितलं, टेक म्हणजे घेणे, आफ्टर म्हणजे नंतर, तेव्हा टेक आफ्टर म्हणजे नंतर घेणे. आणि वाक्य करून दिलं, आय टेक आफ्टर माय ग्रँडमदर. मी आजीनंतर घेते. तिने विचारलं, काय घेते? मी म्हटलं काहीही, चहा घेते, आंघोळीला पाणी घेते. ती म्हणाली, ते वाक्यात कुठाय? मी म्हटलं इंग्रजीत वाक्य जितकं लहान तितकं चांगलं. तिला पटलं नाही, पण तिने लिहिलं.

बाईंनी त्या वाक्यावर बरोबरची खूण केली आणि बाजूला व्हेरी नाइस असं लिहिलं. बाकीची चार वाक्यं, जी तिने माझ्या मदतीशिवाय केली होती, तीही बरोबर होती, पण त्यांच्यापुढे व्हेरी नाइस नव्हतं. मी दोन दिवस जरा ताठ चालत होतो, हे कबूल करतो.

मंगळवारी शाळेत पालकांची सभा होती. सभा संपल्यावर बाईंनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, अक्षदाचं वाक्य फार आवडलं मला, तुमच्या मिसेस अशाच आहेत का हो? मी म्हटलं, कशा? त्या म्हणाल्या, म्हणजे अशाच, धीट, बोलायला पटकन. तिनं लिहिलंय ना, आजीवर गेली म्हणून.

मी म्हटलं, हो, श्रावणात.

त्या म्हणाल्या, काय श्रावणात?

मी म्हटलं, श्रावणात गेली.

दादा, बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांना रंगू गेल्याचं माहीतच नव्हतं, कारण आजी हयात नाही असं त्या वाक्यात कुठेच नव्हतं. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. वर लिहिलं, आजी वर गेली. खाली लिहिलं, आजीवर गेली. म्हणाल्या, सॉरी काका, मी हे खालचं म्हणत होते. टेक आफ्टर म्हणजे एखाद्यावर जाणं. रूप, स्वभाव, चालणं, बोलणं घरातल्या मोठ्या माणसासारखं असणं. तुम्ही वरचं ऐकलंत.

मी फळ्याकडे बघत राहिलो. नोकरीत असताना मी हातभर बांधासाठी माणसं पिढ्यान् पिढ्या भांडताना पाहिली आहेत. इथे दोन ओळींत फरक होता तो खडूच्या जाडीएवढ्या मोकळ्या जागेचा. जागा सोडली तर रंगू गेलेली, नाही सोडली तर ती घरात आहे. आणि हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. आजीवर गेली, बापावर गेला, हे आपण लहानपणापासून म्हणतो. पण आयुष्यभर पायाखालून गेलेली वाट एखाद्याने नकाशावर दाखवली की कसं होतं तसं मला झालं. पुन्हा नवल असं की मी चुकीचा अर्थ सांगितला, पोरीने कुरकुरत लिहिला, आणि वाक्य तंतोतंत खरं निघालं. आम्हां दोघांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. बाईंना मात्र वाचल्याबरोबर कळलं.

मी बाईंना पुष्कळ प्रश्न विचारले. (मी कुणाला सहसा प्रश्न विचारत नाही हे तुम्हांला माहीत आहे. लग्नाच्या बैठकीत मी एकही विचारला नव्हता, त्यावरून तुमच्या वडिलांना वाटलं होतं की मुलगा मुका असावा.) त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. टेक आफ्टर रक्ताच्या नात्यात वापरतात, शेजाऱ्याला नाही. धाकट्याने थोरल्यावर जायचं, थोरल्याला धाकट्यावर जाता येत नाही. मी विचारलं, नवरा बायकोवर जाऊ शकतो का? त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, नाही काका, व्याकरणात बसत नाही. मी विचारलं त्याचं कारण एवढंच की हल्ली आमटीत मीठ घातल्यावर मी डाव झाकणावर दोनदा आपटतो. पूर्वी मी आमटीच करत नव्हतो.

आणखी एक त्यांनी सांगितलं, ते मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. थोरलं माणूस हयात नसलं तरी क्रियापद वर्तमानकाळीच ठेवायचं. टेक्स. टुक म्हणायचं नाही. मी म्हटलं, आजी तर गेली, मग घेते कुणाकडून? त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही, पण टेक्सच. रोज चालू असतं ते. दादा, इंग्रज माणूस इतका विचार करत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शाळेतून निघालो तो सरळ घरी न जाता एसटीडी बूथवर गेलो. कापड्याला कोंडाजीकडे तांदूळ सांगायचे होते. कोंडाजीकडे फोन नाही, तो आहे पांडूच्या दुकानात, आणि दुकानाला लागून पांडूचीच गिरणी. तेव्हा त्या फोनवर बोलायचं ते गिरणीवरून ओरडून. मी नेहमी दोन वाक्यं बोलतो. तांदूळ पाठव. गेल्या वेळचे बरे होते. त्या दिवशी मात्र मला कुणालातरी सांगावंसं वाटत होतं, आणि फोनवर पांडू होता. म्हणून मी तिसरं वाक्य बोललो. मी म्हटलं, आणि अरे, आमची अक्षदा आजीवर गेली.

पांडू ओरडला, काय? कोन वर गेली?

मी म्हटलं, अक्षदा. आजीवर गेली.

आजी तर श्रावणात गेली ना वो?

मी म्हटलं, तेच तर. आजी गेली, आता अक्षदा. मला आज शाळेत बाईंनी सांगितलं.

शाळेत? शाळेत झालं ह्ये?

मी म्हटलं, हो, शाळेतच. मला तर फळ्याकडे बघून काही सुचेना.

पांडूने गिरणी बंद करायला लावली. मला ते ऐकू आलं आणि बरं वाटलं, की माणूस नीट ऐकायला बघतो आहे. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, कुशादादा, तुमी एकलेच हाव काय तिथं? धीर सोडू नका. आमी उद्या सगळी येताव. मला गहिवरून आलं. पांडू इतका हळव्या मनाचा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, त्याचं माप नेहमी जरा कमीच असतं. मी म्हटलं, या की, सगळेच या, जेवायलाच या. पलीकडे कुणीतरी हंबरडा फोडला. मला वाटलं गिरणी पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी वीस मार्च होता. त्या दिवशी महाडात केवढी माणसं असतात ते तुम्ही पाहिलं आहे. चवदार तळ्यासाठी कुठून कुठून लोक येतात, रस्ते बंद असतात, शाळेलाही सुट्टी होती. मी अक्षदाला घर झाडून पुसून ठेवायला सांगितलं, कारण कापड्याची माणसं येणार, आणि सोनावहिनी आल्या की आधी कोपरे बघतात. (सोनावहिनी म्हणजे कोंडाजीच्या घरचं माणूस, सोनाबाई.) मी बाजारात गेलो. जेवायला या म्हटलं होतं म्हणून कोलंबी घेतली, सोलकढीला आमसुलं घेतली, आणि गर्दीतून वाट काढत परत आलो. गल्लीच्या तोंडाशी मला रडणं ऐकू आलं.

कोंडाजीची जीप पोलिसांनी महामार्गावरच थांबवली होती. तिथून नऊ-दहा बायका आणि चार पुरुष गर्दीतून चालत आले, बायका रडतच. तळ्यावर येणाऱ्यांसाठी मंडपातून पाणी वाटणारी मुलं होती, त्यांनी ह्यांना बघून लोकांना बाजूला केलं, वाट करून दिली, आणि प्रत्येकीला पेल्यातून पाणी पाजलं. सोनावहिनी कुणाच्या हातचं पाणी सहजासहजी घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी दोन पेले घेतले आणि तिसरा त्या मुलाने तोंडावर मारायला दिला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त एवढं पाहिलं की आमच्या गावच्या बायका पदर तोंडाला लावून माझ्या घराकडे चालल्या आहेत आणि सोनावहिनी छातीवर हात मारून म्हणत आहेत, अगो माझे अक्षदा गो, आजीनं बोलावून घेतलं गो तुला.

दादा, मी घरातून निघून अर्धा तास झाला असेल नसेल. मला वाटलं ह्या अर्ध्या तासात झालं. स्टोव्हचा भडका, विजेचा धक्का, विहीर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ह्या बायकांना कापड्याला बसून आधी कसं कळलं, हा प्रश्न मला पडला नाही. कोलंबीची पिशवी हातातून कुठे पडली ते मला आठवत नाही. ती पुढे मांजरांनी संपवली. मी धावलो. वाटेत कोंडाजीने मला मिठी मारून धरलं, तो म्हणत होता, आत नको जाऊस, आमी हाव ना, आणि मी त्याला ढकलत होतो. तो रडत होता म्हणून मीही रडायला लागलो. श्रावणात मी रडलो नव्हतो. तेव्हा लोकांनी मला नावं ठेवली होती हेही मला माहीत आहे.

तेवढ्यात दार उघडलं.

अक्षदा दारात उभी होती. फ्रॉकवर माझा टॉवेल बांधलेला, हातात ओलं फडकं. गल्लीत एवढी माणसं रडताना बघून ती घाबरेल असं कुणालाही वाटलं असतं. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि फडकं कमरेवर टेकवून म्हणाली, "रडायचं ते रडा गो, पण पायातलं काढून रडा. आत्ता पुसलंय मी."

एकीचा हुंदका अर्ध्यात राहिला. दादा, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कापड्याच्या प्रत्येक बाईने ऐकलेलं आहे. माझी आई गेली तेव्हा रंगूने हेच म्हटलं होतं, ह्याच बायकांना, ह्याच आवाजात, कमरेवर असाच हात ठेवून. आई गेली ते एकोणीसशे पासष्ट साल. अक्षदा तेव्हा कुठे होती? राजेशसुद्धा पाळण्यात होता. मी तिला नंतर विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, काय शिकवलं? धूळ आणली असती ना त्यांनी.

सोनावहिनींनी "रंगे" अशी हाक मारली आणि पायरीवरच बसल्या. मग पोरीला ओढून तिचं तोंड चाचपलं, हात चाचपले, आणि एक सणसणीत धपाटा घातला. म्हणाल्या, मेले, जिती हायेस तर आधी सांगायचंस नाय? अक्षदाला काहीच कळेना. ती म्हणाली, सोनाआजी, मला कुणी विचारलंच नाही. आणि ती हसली. हसताना तिने तोंडावर हात नेला नाही, कपाळावर नेला. डोळे मिटून, तळहात कपाळावर मारून, खांदे हलवत. तुम्हांला हे वर्णन करून सांगायची गरज नाही. सोनावहिनी पुन्हा रडायला लागल्या, पण ह्या वेळी चपला काढून.

मग माझी सुनावणी झाली. पांडू सगळ्यांना सांगत होता, दादांनीच सांगितलं, शाळंत झालं, बाईंनी सांगितलं, फळ्याकडं बघून काय सुचंना, मी काय खोटं बोलतो काय? जेवायलाच या म्हणले वर. कोंडाजी मला म्हणाला, तू एवढी वरसं गप होतास ना, ते बरं होतं रे. मग मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. अक्षदाने खडूने भिंतीवर दोन्ही ओळी लिहिल्या आणि मधली जागा बोटाने दाखवली. कोंडाजीने चष्मा लावून वाचल्या आणि हं केलं. सोनावहिनी म्हणाल्या, लिवताना जागा सोडशील रे तू, बोलताना कुठनं सोडनार? मी फडकं घेऊन दोन्ही ओळी पुसल्या. जीपमध्ये त्यांनी काय काय सामान आणलं होतं ते लिहीत नाही. त्यातलं जे परत करता येण्यासारखं होतं ते पांडूने दुकानात परत ठेवलं. तांदूळ मात्र कुणीच आणले नव्हते.

कोलंबी गेल्यामुळे जेवायला पिठलं भात झाला. जेवण उरकून पान लावताना कोंडाजीचा हात थांबला आणि तो म्हणाला, आयला, जबलपूरला तार गेली. येताना पोलादपूरहून त्याने ती करवली होती. राजेशला मी कळवलंच असेल असं धरून कळव्याला मात्र केली नव्हती, एवढं नशीब. तार लिहून देणाऱ्याला त्याने सांगितलं, पोर गेली आजीच्या मागोमाग. त्याने इंग्रजी केलं, अक्षदा एक्स्पायर्ड आफ्टर ग्रँडमदर. तो आफ्टर शेवटी तुमच्यापर्यंतही पोचला. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडताच मी उलटी तार केली, पण ती आणि तुमची तार वाटेत एकमेकींना ओलांडून गेलेल्या दिसतात, म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

तेव्हा तुम्हांला आणि वहिनींना जो मनस्ताप झाला त्याबद्दल क्षमा असावी. येण्याचं रद्द करावं. गुडघ्याला एरंडेल गरम करून लावत जावं. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, पत्राची पोच दोन ओळींत द्यावी. त्यात शब्दांमध्ये जागा नीट सोडावी.

आपला
कुशाबा

ता. क. तुमची तार अक्षदाने माझ्याकडून मागून घेतली आहे आणि सोमवारी वर्गात दाखवायला नेणार आहे. वर्गात कुणाच्याच मरणाची तार अजून आलेली नाही, असं ती म्हणते. तारेतलं तुमचं हार्टब्रोकन हे तिला फार आवडलं. जबलपूरचे आजोबा मला इतके ओळखतात का, असं विचारत होती. तुम्ही तिला एकदाच पाहिलं आहे, बारशाला; दहाव्याला तिला आणलं नव्हतं. मी हो म्हणून सांगितलं.

ता. क. २. रंगूला मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नात. ती सोळा वर्षांची होती आणि तिची मान खाली होती. पुढे दोन-तीन वर्षं आमच्या घरात ती हसली असेल तर माझ्या देखत नाही. कपाळावर हात मारून हसताना मी तिला प्रथम पाहिलं ते राजेशच्या जन्माच्या वेळी, आणि तेव्हा वाटलं ही सवय हिला आमच्याकडे लागली. आता वाटतं की ती आधीपासून असेल, ती फक्त लपवत असेल. बारा वर्षांची रंगू मला माहीत नाही. तुमची डोंगरावरची वाडी आता ओस पडली, तुमचे आईवडील गेले, तुमच्या बरोबरीचं कुणी मागे नाही. ती त्या वयात कशी चालायची, कशी रागवायची, हे पाहिलेलं माणूस आता तुम्ही एकटे उरला आहात. सध्या माझ्या घरात एक मुलगी वावरते. ती खरंच तशी आहे, की मला एकट्याला तसं दिसतं, हे मला समजत नाही. कापड्याच्या बायकांना विचारून उपयोग नाही, त्यांनीही लग्नानंतरचीच रंगू पाहिली. मोजणीत साखळीच्या दोन्ही टोकांना माणूस लागतो. एका टोकाला उभं राहून एकट्याने घेतलेलं माप धरत नाहीत.

तेव्हा तिकीट रद्द केलं नसेल तर करू नये. केलं असेल तर दुसरं काढावं. तेरावं नाही हे मी लिहिलं आहे, ते खरं आहे, पण तुम्ही ज्या दिवशी येणार होता त्याच दिवशी यावं. मे महिन्यात ती कळव्याला जाते. श्रावणात एसटी स्टँडवर तुम्ही म्हणालात, आता माझं महाडला काय राहिलं. मी तेव्हा काही बोललो नाही, मला सुचलं नाही. आता सुचलं आहे, पण मी काही सांगितलं की लोकांना ते नीट कळतं असा भरवसा मला राहिलेला नाही. तुम्ही येऊन स्वतः बघावं.

ता. क. ३. मी असं लिहिलं आहे हे अक्षदाला माहीत नाही. कुणीतरी आपल्याला बघायला येणार आहे असं कळलं तर ती चार दिवस शहाण्यासारखी वागेल आणि मग तुम्हांला काहीच दिसणार नाही. गाडीची वेळ कळवू नये. येऊन कडी वाजवावी, दार तीच उघडते. चपला बाहेर काढाव्या.

ती अजून खेळून आलेली नाही. परवा भिजत घातलेल्या वालांना चांगले मोड आले आहेत. परात घेऊन दाराशी बसतो आणि ते सोलायला घेतो.